वाचक विचारतात : 'झेमल्या', बांधावरचा ट्रॅक्टर आणि पडद्याचे माप

गेल्या अंकात शेतीवरच्या मूकपटांची यादी छापली होती. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे त्यातल्या एकाच नावावर आहेत : युक्रेनी दिग्दर्शक अलेक्सांद्र दोव्झेन्को यांचा १९३० सालचा 'झेमल्या' (म्हणजे 'जमीन'), इंग्रजीत 'अर्थ' नावाने फिरतो तो. गावात सामुदायिक शेतीसाठी ट्रॅक्टर आणणारा तरुण वासिल आणि त्याचा खून, ही त्याची गोष्ट. पुणे जिल्ह्यातली दोन वाचनालये आणि एक महाविद्यालय त्याचे खेळ लावायच्या तयारीत आहेत, म्हणून या वेळी पान त्यालाच दिले आहे.

आमच्याकडची फाइल सव्वा तासाची आहे, दुसऱ्या एकाकडची तासाभरात संपते. पूर्ण कोणती? (सासवड)

नुसत्या मिनिटांवरून सांगता येत नाही. फरक वेगामुळे पडतो किंवा कात्रीमुळे. दोन्ही वेगवेगळे तपासा.

आधी वेग. सेकंदाला २४ फ्रेमचा नियम बोलपटांबरोबर आला. मूकपट १६ पासून २४ पर्यंत कुठल्याही वेगाने दाखवले जात. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न फ्रेम बसतात. समजा फिल्म १५०० मीटर आहे, म्हणजे फ्रेम झाल्या सुमारे ७९ हजार. १६ च्या वेगाने ती ८२ मिनिटे चालेल, १८ ने ७३, २० ने ६६ आणि २४ ने ५५ मिनिटांत संपेल. एकही फ्रेम न कापता २७ मिनिटे गेली!

तुमच्या फाइलचा वेग ठरवायला नांगराच्या बैलांकडे बघा. नांगराला जुंपलेला बैल कसा चालतो हे सासवडकरांना सांगायला नको. तो दुडक्या चालीने पळत असेल तर फाइल २४ ने धावते आहे. प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, म्हणजे १८ होईल. मात्र त्याआधी एक गोष्ट बघायची. काही फायलींत ही दुरुस्ती आधीच केलेली असते : १८ फ्रेमच्या २४ करायला दर तिसरी फ्रेम दोनदा छापतात. चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा (व्हीएलसीत इंग्रजी 'ई' ची कळ). दर चार फ्रेममध्ये दोन हुबेहूब सारख्या दिसल्या तर वेगाला हात लावू नका, नाहीतर बैल पेंगायला लागतील.

आता कात्री. चित्रपट ८ एप्रिल १९३० ला किव्हमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत उतरवला गेला. दोन जागा हमखास कापल्या जात : बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये गावकरी लघवी करतात ते दृश्य आणि वासिलच्या मृत्यूनंतर त्याची वाग्दत्त वधू नताल्या विवस्त्र होऊन खोलीभर आकांत करते ते. दोन्ही असतील तर प्रत बरीच भरवशाची. मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. १९७१ मध्ये मॉस्कोच्या मोसफिल्म स्टुडिओने चित्रपटाची प्रत नव्याने सिद्ध केली आणि २०१२ मध्ये किव्हच्या दोव्झेन्को सेंटरने पुन्हा डागडुजी केली. निवड करायची असेल तर २०१२ ची घ्या.

प्रोजेक्टर भाड्याने आणला आहे, पडदा आठ बाय सहा फुटांचा शिवून घेतला. प्रोजेक्टर किती फुटांवर ठेवायचा? (नारायणगाव)

पडदा बरोबर शिवलात. मूकपटाची चौकट चारास तीन, म्हणजे आठ बाय सहाच. चूक पुढे होते. बहुतेक जण माहितीपत्रकातला थ्रो रेशो (प्रोजेक्टरचे अंतर भागिले चित्राची रुंदी), समजा १.५, पडद्याच्या आठ फुटांना गुणतात आणि १२ फुटांवर टेबल मांडतात. हल्लीचा प्रोजेक्टर सोळास नऊचा असतो. त्यात चारास तीनचे चित्र मधोमध येते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या पट्ट्याही प्रोजेक्टरच्या हिशेबी चित्रच. सहा फूट उंची हवी तर पूर्ण चौकट १० फूट ८ इंच रुंद पडते, तिला १.५ ने गुणले की १६ फूट. बारा फुटांवर ठेवलात तर चित्र साडेचार फूट उंच आणि सहा फूट रुंदच येईल. मग कुणीतरी रिमोट घेतो, 'झूम' दाबतो, आणि सत्यानाश होतो.

सत्यानाश का, तर चारास तीनचे चित्र रुंदीभर मोठे करून सोळास नऊमध्ये भरले की उंचीचा चौथा हिस्सा जातो. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात तो खपला असता. इथे छायाचित्रकार दानिलो देमुत्स्की आहेत. त्यांनी क्षितिज चौकटीच्या अगदी तळाशी ठेवले आहे. खाली जमिनीची एक बारीक पट्टी, तिच्यावर बैल नाहीतर माणूस, आणि वर सगळे आभाळ. वरून-खालून आठवा-आठवा भाग छाटला की तळची जमीनच उडते आणि बैल हवेत चालतात. ज्या चित्रपटाचे नावच जमीन, त्यातून जमीन कापण्याचा पराक्रम एका बटणाने होतो.

पट्ट्यांचा उजेड पडद्याबाहेर सांडू नये म्हणून दोन्ही अंगांना काळे कापड लावा. प्रोजेक्टर पडद्याला काटकोनात, भिंग पडद्याच्या खालच्या काठाच्या पातळीला. तिरके ठेवून कीस्टोनने सरळ करायला गेलात तर चित्र मऊ पडते, आणि देमुत्स्कींचे चित्र मुळातच मऊ आहे. चित्र भडक करणारी 'व्हिव्हिड' सोय बंद करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, कंपनीगणिक तिचे नाव निराळे असते, तीही बंद. महाविद्यालयात जुना चारास तीनचा एक्सजीए प्रोजेक्टर धूळ खात असेल तर तोच काढा. बारा फुटांत काम होईल आणि पट्ट्यांची कटकट नाही.

उघड्यावरचा खेळ सूर्यास्तानंतर पाऊण तासाने सुरू करा. पहिल्याच दृश्यात वाऱ्यावर लाटा घेणारे गव्हाचे शेत आहे. आभाळात उजेड असेल तर ते करड्या धुक्यासारखे दिसेल आणि पहिली पाच मिनिटे हातची जातील.

ट्रॅक्टर गावाच्या वेशीजवळ बंद पडतो आणि लघवीने सुरू होतो. हे खरोखर शक्य आहे की नुसता विनोद? (हडपसर)

शक्य आहे. त्या काळच्या अनेक ट्रॅक्टरांच्या इंजिनात पाणी खेळवायला पंप नसे. इंजिनात तापलेले पाणी हलके होऊन वर चढायचे, रेडिएटरच्या वरच्या टाकीत यायचे, नळ्यांमधून गार होत खाली उतरायचे आणि पुन्हा इंजिनात जायचे. हे फिरणे पाण्याच्या पातळीवर अवलंबून. पातळी वरच्या होजच्या तोंडाखाली गेली की आत पाणी असूनही ते फिरायचे थांबते, इंजिन तापते, पिस्टन धरतो. झाकण दाबाचे नसल्याने पाणी उकळून वाफेवाटे सतत उडायचे. म्हणून नांगरटीच्या दिवसांत चालकाजवळ पाण्याची बादली असायचीच, आणि इथे नेमकी ती नाही.

लघवीत पाणीच जास्त, त्यामुळे तात्पुरते भागते. क्षारांमुळे नळ्यांत खर धरते आणि धातू गंजतो, तेव्हा नंतर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने रेडिएटर धुवायला हवा. आणखी एक : लालबुंद तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी एकदम ओतले तर हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो. अंगाच्या उबेचे द्रव त्या मानाने सौम्य! दोव्झेन्कोंनी एवढा विचार केला असेल असे आमचे म्हणणे नाही. पण शेतकरी प्रेक्षक या जागी हसतो ते यंत्राची गरज त्याला कळते म्हणून. अधिकाऱ्यांना मात्र हे हसणे झोंबले.

वासिल ट्रॅक्टरने बांध मोडतो आणि मग त्याचा खून होतो. बांधावरून डोकी तर आमच्याकडेही फुटतात. यात क्रांती कसली? (शिरूर)

आपल्याकडचे भांडण बांध कोरण्याचे असते. दर हंगामाला नांगराचे एक तास पलीकडे सरकवायचे, दहा वर्षांत फूटभर जमीन आपलीशी करायची आणि मग मोजणीवाल्याला बोलवायचे. त्यात बांध असलाच पाहिजे यावर दोन्ही भाऊबंद ठाम असतात. वासिल तास चोरत नाही. तो कुलकाच्या, म्हणजे तिथल्या बड्या शेतकऱ्याच्या, शेतातून सरळ पलीकडे जातो. बांध हलत नाही, नाहीसा होतो.

यामागे यंत्राचेही गणित आहे. मागे नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तासाच्या टोकाला वळायला जागा लागते. पट्टी अरुंद आणि आखूड असली तर नांगरण्यापेक्षा वळण्यातच वेळ आणि रॉकेल जाते, शिवाय टोके न नांगरता राहतात. बैलजोडी जागच्या जागी वळते. त्यामुळे ट्रॅक्टर आला की बांधावर संकट येणारच, मग राज्य कुणाचेही असो.

म्हणजे ही आपली सहकारी शेतीच झाली ना? (बारामती)

नाही, आणि ही गल्लत वारंवार होते. प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. तिथे सभासदाने शेअर घेतला, ऊस दिला, पण सातबारा त्याच्याच नावावर राहिला. एकत्र आला तो प्रक्रिया आणि विक्रीचा भाग. कोलखोजमध्ये, म्हणजे वासिलच्या गावात येऊ घातलेल्या सोव्हिएत सामुदायिक शेतीत, कसणेच एकत्र. जमीन सरकारची, वापर सामुदायिक, बैल आणि अवजारे जमा करायची. मोबदला कामाच्या दिवसांवर, तोही वर्षअखेरीला : आधी सरकारचा ठरलेला धान्यवाटा, मग सरकारी ट्रॅक्टर केंद्राचे धान्यातले भाडे, मग बियाणे, आणि उरेल ते माणशी कामाच्या दिवसांप्रमाणे. उरत किती असेल याचा अंदाज ज्याने आणेवारी पाहिली आहे त्याला येईल. १९३५ च्या नमुना नियमांनी घरटी पाव ते अर्धा हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण २५ ते ५० गुंठे, परसबागेसाठी ठेवू दिले. काही भागांत थोडे जास्त.

आपल्याकडे संयुक्त सहकारी शेतीचा ठराव काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात १९५९ मध्ये झाला होता. राजाजींनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष निघाला. ठराव कागदावरच राहिला. गाडगीळांनी घडवलेली पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 'झेमल्या'च्याच वर्षी, १९३० मध्ये, सुरू झाली. हा निव्वळ योगायोग, पण खेळानंतरच्या चर्चेला धागा म्हणून चांगला आहे.

दूध फिरवायच्या यंत्राचे प्रसिद्ध दृश्य याच चित्रपटात आहे का? आम्हाला दूध संघाच्या सभासदांना ते दाखवायचे आहे. (मंचर)

ते 'जुने आणि नवे' मध्ये आहे. सर्गेई आयझेनस्टाइन आणि ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह यांचा हा १९२९ चा चित्रपट, कॅमेरा एदुआर्द तिस्से यांचा. काम १९२६ मध्ये सुरू झाले, मध्ये 'ऑक्टोबर' या चित्रपटासाठी थांबले. आधीचे नाव 'जनरल लाइन' होते. नायिका मार्फा लाप्किना, खरोखरीची शेतमजूर. सुरुवातीला वाटणीसाठी दोन भाऊ घर चक्क करवतीने मधोमध कापतात. तो प्रसंग आधी दाखवा. वाटण्या पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

सेपरेटरच्या दृश्यात दूध ओततात, हँडल फिरते, सगळ्यांचे डोळे नळीच्या तोंडाकडे, आणि मग साय येते. दूध संघाच्या लोकांना यात दोन गोष्टी दाखवता येतील. भांड्याच्या आत शंकूच्या आकाराच्या तबकड्यांची चळत असते. वेगाने फिरताना जड दूध बाहेरच्या बाजूला फेकले जाते, हलकी साय मधल्या दांड्याकडे सरते, आणि दोन तोंडांतून दोन धारा निघतात. हाताच्या यंत्रात वेग पुरेसा झाला हे कळायला अनेकदा हँडलवर घंटी असे. वेग कमी तोवर ती वाजायची, पुरा झाला की गप्प. घंटी वाजत असतानाच दूध सोडले तर फॅट साय काढलेल्या दुधातच निघून जाते. दूधही कोमट, ३५ ते ४० अंशांचे हवे. गार दुधात साय नीट सुटत नाही. तेव्हा पडद्यावरचा तो ताण पोकळ नाही : पहिली धार पातळ आली असती तर गावाने यंत्र परत धाडले असते.

हा सरळसरळ सरकारी प्रचार आहे. तो का दाखवायचा? (सदाशिव पेठ)

प्रचार आहेच. चित्रीकरण १९२९ मध्ये पोल्तावा भागातल्या यारेस्की गावी झाले. डिसेंबर १९२९ मध्ये स्टालिनने 'कुलक' हा वर्गच संपवण्याची घोषणा केली, एप्रिलमध्ये चित्रपट लागला. जनावरे सामुदायिक शेतीला देण्यापेक्षा शेतकऱ्यांनी ती कापून टाकली, १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसे उपाशी मेली, आणि तो दुष्काळ धान्यवसुलीने ओढवला होता. एवढ्या तारखा अर्ध्या पानावर छापून खेळाआधी वाटा. हे न सांगता चित्रपट दाखवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण सरकारलाच तो प्रचार म्हणून पुरेसा वाटला नाही, हेही त्याच पानावर छापा. देम्यान बेदनी या सरकारमान्य कवीने 'इझ्वेस्तिया'त त्याच्यावर झोड उठवली. कारण पाहिल्यावर दिसते. चित्रपट सुरू होतो म्हाताऱ्या सेमेनच्या मरणाने : फळांनी लगडलेल्या झाडाखाली आडवा, शेवटचे एक फळ खातो, हसतो, जातो. शेवटी वासिलची अंत्ययात्रा आहे. उघडा चेहरा, आणि त्याच्यावरून सफरचंदांच्या फांद्या घासत जातात. त्याच वेळी त्याच्या आईला कळा सुरू होतात, पाद्री रिकाम्या देवळात शाप देतो, खुनी खोमा माती उकरत ओरडतो की मीच मारले, आणि कुणी त्याच्याकडे बघतही नाही. मग फळांवर पाऊस. यात कोलखोजचा वाटा किती आणि मातीचा किती ते प्रेक्षकांना ठरवू द्या.

मराठी सबटायटल्स केली, पण पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हे येतात. (कोथरूड)

प्रश्नचिन्हे म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली नाही; मूळ मजकूर नोटपॅडमध्ये पुन्हा टाकून 'सेव्ह अ‍ॅज' करताना यूटीएफ-८ निवडा. चौकोन म्हणजे देवनागरी फॉन्ट नाही. प्लेअरमध्ये नोटो सॅन्स देवनागरी किंवा मंगल निवडा. जोडाक्षरे फुटून हलन्त दिसत असतील तर तो प्लेअरच कामाचा नाही. सगळ्यात सुरक्षित म्हणजे सबटायटल्स चित्रातच पक्की छापून घ्या. मग टीव्ही, पेनड्राइव्ह, काहीही चालते. फाइल ४ जीबीच्या वर गेली तर एफएटी३२ पेनड्राइव्हवर ती उतरणार नाही, हे खेळाच्या आदल्या दिवशी बघा.

भाषांतर आखूड ठेवा. पाटी पडद्यावर आहे तेवढ्यात ती एकदा मोठ्याने, सावकाश वाचून होते का, एवढी कसोटी पुरे. गावातल्या खेळाला तर सबटायटल्सपेक्षा चांगला वाचणारा माणूस बसवा. आपल्या मूकपटांच्या काळात पाट्या मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत होतीच. वाचणाऱ्याने फक्त पाटी वाचायची, प्रसंगाचे वर्णन करायचे नाही.

हार्मोनिअम आणि ढोलकी साथीला घेतली तर? आणि हक्कांचे काय? (नारायणगाव)

हार्मोनिअम चालेल, ढोलकी जपून. धोक्याची जागा म्हणजे वासिलचा रात्रीचा नाच. चांदण्यात, धुळीच्या रस्त्यावर, एकटाच नाचत येतो, पावलागणिक धूळ उडते. इथे ढोलकीवाल्याचे हात शिवशिवणारच. त्याला आधी बजावून ठेवा : वासिल कोसळतो त्या क्षणी वादन तोडायचे, गोळीचा आवाज म्हणून थाप मारायची नाही. दोव्झेन्कोंनी गोळी दाखवलेलीच नाही. माणूस पडतो, चरणारा घोडा मान वर करतो, बस्स. तिथे निदान वीस सेकंद पूर्ण शांतता ठेवा. वादकांसाठी फाइलमधल्या वेळेनुसार एक पानाची टिपणी करा, आणि वेग ०.७५ केला असेल तर टिपणी त्याच वेगावर. नाहीतर मिनिटे जुळणार नाहीत.

भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे १९३० च्या चित्रपटाचा हक्क इथे केव्हाच संपला. संगीताचे तसे नाही. १९७१ च्या प्रतीवर व्याचेस्लाव ओवचिन्निकोव्ह यांचे आणि २०१२ च्या प्रतीवर दाखाब्राखा या किव्हच्या वाद्यवृंदाचे संगीत आहे, त्यांचे हक्क शाबूत आहेत. आवाज बंद करून स्वतःची साथ दिली की ती अडचण सुटते.

मराठी मातीतला असा मूकपट कोणता? (विद्यार्थिनी, फर्ग्युसन रस्ता)

'सावकारी पाश', १९२५, कोल्हापूर. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात मजूर होतो. तो आज पाहायला मिळत नाही. आपले बहुतेक मूकपट गेले तसाच गेला. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात त्या काळाबद्दल वाचायला मिळेल. पेंटरांनीच १९३६ मध्ये त्याच कथेवर बोलपट काढला. अभ्यासात दोन्हींची सरमिसळ करू नका आणि बोलपटातली दृश्ये मूकपटाच्या खात्यावर मांडू नका. बऱ्याच लेखांत ती मांडलेली आढळतील.